निकाली कुस्ती हवी

(विमान कोसळून एका गूढ बेटावर अडकलेल्या प्रवाशांच्या 'लॉस्ट' या अमेरिकी मालिकेवर कोल्हापुरात १६ मे २०१० रोजी झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. अक्षय्य तृतीयेचा आमरस पोटात असताना दुपारची झोप मोडून तुम्ही इथं आलात, यावरूनच कळतं की खोलीतले सगळे आपले आहेत. तेव्हा बेट कुठलं, विमान कुणाचं, काळा धूर कसला, हे सांगत बसत नाही. काही जण नुसते बायकोच्या किंवा मुलाच्या आग्रहाखातर आलेले दिसतात. त्यांना घरी जाताना गाडीवर सगळं कळेल.

पुढच्या रविवारी, २३ मेला, अमेरिकेत 'लॉस्ट'चा शेवटचा भाग आहे. अडीच तासांचा. त्याआधी परवा मंगळवारी एक तासाचा भाग. बस्स, संपलं. २२ सप्टेंबर २००४ ला सुरू झालेली गोष्ट, सहा पर्वं, आणि हातात उरले साडेतीन तास. जाहिराती काढल्या तर तेवढेही नाहीत. आपल्यापर्यंत ते सोमवारी दुपारनंतर येईल. ज्याचं इंटरनेट धड चालतंय त्याच्याकडे आधी, मग पेनड्राइव्हवरून राजारामपुरीतून मंगळवार पेठेत. तोवर कृपा करून एकमेकांना मेसेज पाठवू नका. तिसऱ्या पर्वाच्या शेवटी प्रवाशांतला चार्ली मरतो, हे मला परदेशातल्या एका नातेवाइकानं फोनवर खुशाली विचारता विचारता सांगितलं होतं. पाण्याखालच्या त्या खोलीत काचेला हात टेकवून, बोट पेनीची, म्हणजे डेस्मंडच्या प्रेयसीची, नाही हे तो डेस्मंडला तळहातावर लिहून दाखवतो, तो क्षण मला माझ्या धक्क्यानं बघायचा होता. त्या नातेवाइकाशी मी बोलतो, पण मालिकेचा विषय काढत नाही.

आजचा विषय पत्रिकेवर छापलाय: 'रहस्यमालिका प्रेक्षकाला काय देणं लागते?' माझं उत्तर तयार आहे. पण आधी गेल्या मंगळवारच्या भागाचं बोलूनच टाकू, कारण दारात चपला काढतानाच चौघांनी मला त्यावरून धरलं.

११ मेचा भाग. शेवट दोन आठवड्यांवर आलेला असताना अख्खा तास नेहमीचे प्रवासी नाहीतच: जॅक नाही, हर्ली नाही, सॉयर नाही. दोन जुळे भाऊ, त्यांना वाढवणारी एक बाई आणि गुहेतला उजेड. मला भावांची गोष्ट आवडली, हे आधीच सांगतो. राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. सुरुवातीला ती बाई पोटुशी बाईला सुनावते की तुझ्या एका प्रश्नाचं उत्तर दिलं तर त्यातून पुढचा प्रश्नच निघेल. वाक्य तिच्या तोंडी आहे, पण बोलतायत मालिकेचे लेखक डेमन लिंडेलॉफ आणि कार्लटन क्यूज, आणि बोलतायत तुमच्या-माझ्याशी. सहा वर्षं बसवून ठेवलेल्या माणसाला असं बोलायचं नसतं. आणि शेवटी गुहेतले दोन सांगाडे कुणाचे ते उलगडलं, तेव्हा मध्येच पहिल्या पर्वातली जुनी दृश्यं जोडली. अहो, आम्हाला आठवतंय! जॅकला सापडलेली ती थैली, त्यातला एक पांढरा खडा, एक काळा. ते विसरणारा माणूस सहाव्या पर्वापर्यंत पोचलाच नसता.

आपण कोल्हापूरकर आहोत. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबागेत मातीवर बसून कुस्त्या बघितलेले आहोत. दोन तगडे पैलवान अर्धा-पाऊण तास मानेवर हात ठेवून खडाखडी करत राहिले आणि पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली, तर मैदानात काय होतं हे मी सांगायला नको. आपला पैलवान चितपट झाला तरी माणूस दुसऱ्याला टाळी देतो, फेटा उडवतो. पण कुस्ती निकाली झाली पाहिजे. माझं सगळं मागणं एवढंच आहे. मला आवडेल असा शेवट करा असं मी म्हणतच नाही. जॅक मेला तरी चालेल. पण पाठ मातीला लागलेली दिसू दे.

आणि या लेखकांना ते जमवायला वेळ मिळाला नव्हता, असं कुणी म्हणू नये. आपल्याकडे मालिका केव्हा संपते? टीआरपी पडला की. मग चार दिवसांत सगळ्या सासवा सुधारतात आणि हरवलेली माणसं दारात उभी राहतात. तिकडेही तीच रीत. पण २००७ च्या मे महिन्यात एबीसी वाहिनीनं जाहीर केलं की २०१० मध्ये थांबायचं: तीन पर्वं, प्रत्येकी सोळा, एकूण अठ्ठेचाळीस भाग. चालत्या मालिकेला तीन वर्षं आधी शेवटची तारीख मिळणं ही साधी गोष्ट नाही. लेखकांनी ती भांडून मिळवली. तिसऱ्या पर्वात जॅकच्या दंडावरचं गोंदण कुठून आलं यावर एक अख्खा भाग आहे, आठवतो? थायलंड, ती बाई, तो पतंग. कुणी विचारलं होतं? कुणीच नाही. असल्या भागांकडे बोट दाखवूनच त्यांनी वाहिनीला पटवलं की शेवट ठरवला नाही तर आम्ही असंच पाणी घालत राहणार. नंतर लेखकांचा संप झाला, चौथं पर्व चौदा भागांवर आलं, तरी राहिलेले तास पुढच्या पर्वांत भरून काढले. म्हणजे वेळ होता, हिशेब करायला जागा होती. म्हणूनच अपेक्षा जास्त आहे. आणि ती एकट्या माझी नाही. जानेवारीत ओबामांचं वार्षिक भाषण २ फेब्रुवारीच्या रात्री येतंय की काय अशी चर्चा निघाली. तीच शेवटच्या पर्वाच्या पहिल्या भागाची रात्र. तर व्हाइट हाउसच्या प्रवक्त्याला पत्रकारांसमोर सांगावं लागलं की तसं होणार नाही, घाबरू नका. भाषण २७ जानेवारीला उरकलं.

आता जिन आणि सन, प्रवाशांतलं ते कोरियन जोडपं.

माझी आई तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिला न विचारता हे सांगतोय, घरी गेल्यावर बघू. आईला इंग्रजी येत नाही. पहिलं पर्व मी बघायचो तेव्हा ती बाजूला शेंगा सोलत बसायची, अधूनमधून वर बघायची. किनाऱ्यावर सगळे ओरडतायत, धावतायत, आणि एक कोरियन माणूस नुसता बघत उभा. तिनं विचारलं, "ह्याला काय चाललंय ते कळत नाही होय रे?" म्हटलं, नाही, त्याला इंग्रजी येत नाही. "मग हा माझ्यातला," म्हणाली. शेंगा बाजूला ठेवल्या. पुढं जिन समुद्रातनं काहीतरी काढून आणतो, कापून नीट मांडतो आणि एकेकासमोर धरतो, खा म्हणून. हर्ली तोंड फिरवतो. आई म्हणाली, "ती पोटुशी पोरगी खाईल बघ." आणि क्लेअर खाते! पोटातलं बाळ हलतं, ती जिनचा हात ओढून पोटावर ठेवते, तो अवघडून जातो. एका शब्दाची देवाणघेवाण नाही. आईला मी काहीही सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून ती मालिका आमच्या घरात दोघांची झाली. जिन-सनचं कोरियन बोलणं आलं की खाली इंग्रजी पट्टी यायची, मी मराठीत सांगायचो. सन नवऱ्याला न कळवता इंग्रजी शिकलीय हे समजलं तेव्हा आई दोन दिवस सनवर नाराज होती. मग सनच्या माहेरच्यांचं, त्या बापाचं सगळं कळलं तेव्हा म्हणाली, "शिकली ते बरंच केलं, पर सांगाय पायजे होतं." धूर, आकडे, जमिनीतलं ते झाकण, याचं तिला काही पडलेलं नाही. जमिनीखाली बसून दर १०८ मिनिटांनी बटण दाबणाऱ्या डेस्मंडबद्दल मात्र विचारलं होतं, "ह्याला जेवाय कोण घालतंय?" हसू नका. पुढं विमानातनं धान्याची पेटी पडते ना, तोच तो प्रश्न. लेखकांनाही पडला होता.

चौथ्या पर्वाच्या शेवटी जहाजाचा स्फोट होतो, सन हेलिकॉप्टरातून बघते, दोघांची ताटातूट. पोरीचा जन्म बापाशिवाय. दोन पर्वं एकमेकांना शोधण्यात गेली, तीही वेगवेगळ्या काळात. यंदा जिनला कॅमेऱ्यात पोरीचे फोटो दिसतात, पहिल्यांदाच. २० एप्रिलच्या भागात दोघं भेटली. आणि ४ मेला पाणबुडीत बुडून गेली. एक भेट, लगेच जलसमाधी. सन अडकलेली, पाणी वर येतंय, जिन निघू शकतो आणि निघत नाही. मग पाण्यात त्यांचे हात सुटताना दाखवलेत.

मी रडलो. आई रडली नाही. तिनं विचारलं, "आणि पोरगी? पोरीचं काय?"

मंडळी, त्या प्रसंगात दोघांपैकी एकानंही पोरीचं नाव काढलेलं नाही. बाप तिथं राहायचं ठरवतो, म्हणजे पोर पोरकी होणार, हे त्याला कळतंय की नाही? कळूनही राहतोय, तर तसं त्याला म्हणू द्या. "तू जा, तिच्यासाठी जा," एवढं तरी सननं म्हणायचं! त्या एका वाक्यानं तो प्रसंग दुप्पट जड झाला असता. बेटाचं रहस्य सांभाळणाऱ्या लेखकांना आईला पडलेला प्रश्न पडू नये, याचं मला आजही वाईट वाटतंय. आणि इथं कुणी म्हणेल की हा रहस्याचा प्रश्न नाही, भावनेचा आहे. तिथंच माझा खरा मुद्दा सुरू होतो...

चिठ्ठी आली आहे. आठला हॉल साखरपुड्याला द्यायचाय, माणसं खाली येऊन थांबलीत. ठीक. दहा मिनिटांत सांगतो, मुख्य तेच आहे.

माझं म्हणणं असं: गोष्टीतल्या ज्या प्रश्नापायी कुणाचा तरी जीव गेला, संसार गेला, त्याचं उत्तर दिलंच पाहिजे. ज्याची किंमत कुणी मोजलेली नाही ते सोडून दिलं तरी चालेल. पांढरं अस्वल घ्या. लोक अजून विचारतात उष्णकटिबंधातल्या बेटावर अस्वल कसं. तिसऱ्या पर्वात पिंजरे दाखवले, बेटावर पूर्वी प्रयोग करणाऱ्या 'धर्मा' नावाच्या संस्थेनं आणलं होतं, झालं. त्या जुळ्यांपैकी ज्याचा काळा धूर होतो, त्याचं नाव गेल्या मंगळवारीही सांगितलं नाही म्हणून कितीजण चिडलेत. त्या नावापायी कोण मेलं? मला नाव नको.

पण वॉल्ट, मायकलचा तो पोरगा! पक्षी काचेवर आपटून मरतात, बेटावरचे लोक तराफ्यावरून त्याला उचलून नेतात, त्याच्यात काहीतरी आहे असं दोन पर्वं ठसवलं. त्याच्यासाठी मायकलनं सोबतच्याच आना लुसियाला गोळी घातली, आणि लिबी मध्ये आली म्हणून तिलाही. लिबी पांघरुणं घ्यायला आली होती, हर्लीबरोबर सहलीला जायचं होतं तिला. दोन खून झालेत त्या पोराच्या नावावर. मुलगा भराभर उंच झाला, गोष्टीत दोन महिनेच उलटलेत, पंचाईत झाली, हे मी समजू शकतो. पण मग वॉल्ट कोण, बेटावरच्या लोकांना तो कशाला हवा होता, हे कुणाच्या तरी तोंडून सांगा. आणि लिबी हर्लीच्याच वेड्यांच्या इस्पितळात काय करत होती? तिचा चेहरा त्या खोलीत दाखवून आमच्या काळजाचं पाणी केलंत, मग चार वर्षं गप्प.

आकडे. ४, ८, १५, १६, २३, ४२. फेब्रुवारीत कळलं की प्रत्येक आकडा बेटाचा राखणदार होऊ शकेल अशा एका उमेदवाराचा, लॉक, हर्ली, सॉयर, सईद, जॅक आणि क्वॉन, म्हणजे जिन किंवा सन. छान. पण हर्लीनं त्या आकड्यांवर लॉटरी जिंकल्यावर आजोबा गेले, नवं घर पेटलं. बेटाच्या भिंतीवरचे आकडे त्या पोराच्या घरावर का उलटले? अर्धंच उत्तर आलंय. अर्धं द्यायचं राहिलंय.

आणि शेवटची भीती, घाईत सांगतो. यंदा ते दुसरं जग दाखवतायत, जिथं विमान पडतच नाही. तिथं जिन-सन जिवंत, सईद जिवंत, लॉक जिवंत. त्या जगालाच खरं ठरवून सगळ्यांना सुखी केलं, किंवा सगळे पहिल्याच दिवशी मेले होते असं म्हणून मोकळे झाले, तर सहा वर्षांत जे जे गेले त्यांचं जाणं फुकट गेलं. लेखक पहिल्यापासून सांगतायत की बेट म्हणजे नरक-स्वर्गाच्या मधली जागा नाही. मी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून आहे. माझी आशा डेस्मंडवर आहे. त्या दुसऱ्या जगात तोच एकेकाला आठवण करून देत फिरतोय. आठवण परत आली, म्हणजे पाणबुडीतलं पाणीही आठवणार, काचेवरचा हातही आठवणार, तर मोजलेली किंमत पुसली जाणार नाही. बेटावर मात्र तो अजून विहिरीत पडलाय. सईदनं बॉम्ब छातीशी धरून पळायच्या आधी जॅकला सांगितलं, डेस्मंड विहिरीत आहे. सईदनं त्या निरोपासाठी जीव दिलाय. त्याला बाहेर काढा आणि पेनीकडे परत पाठवा, नाहीतर का पाठवता आलं नाही ते आमच्या डोळ्यांसमोर होऊ द्या.

बास, दिवे लागले, खालची मंडळी वर येतायत. प्रश्न ज्यांचे राहिले त्यांनी बाहेर पायऱ्यांवर थांबावं. सोमवारी कुणाकडे जमायचं तेही तिथंच ठरवू. मोठा पडदा ज्याच्याकडे असेल त्यानं हात वर करावा.