तार एकच असते

नमस्कार श्रोतेहो. विजेवरची गाडी मध्येच थांबली की आपण सगळे इंजिनाला बोल लावतो. मला आज बोलायचं आहे ते वरच्या तारेबद्दल, ओव्हरहेड वायरबद्दल. गाडीत मोटारी अनेक असतात. एखादी गेली तरी गाडी रखडत का होईना, पुढे सरकते. तारेला मात्र बदली नाही. तार एकच असते. ती तुटली की मागच्या सगळ्या गाड्या अडकल्या.

आता 1955 सालची एक गोष्ट ऐका. ती सांगताना मला आजही रंग चढतो.

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, बोर्दो ते दाक्सच्या वाटेवर, लांद नावाचा सपाट मुलूख आहे. तिथला लोहमार्ग सरळसोट. 28 मार्चला सीसी 7107 हे विजेचं इंजिन तिथे वेगाच्या चाचणीसाठी निघालं. मागे फक्त तीन डबे. वेग ताशी 300 किलोमीटरच्या पार गेला, 326 पर्यंत पोचला, आणि छतावरचा पेंटोग्राफ, म्हणजे तारेला टेकून वीज घेणारा सांगाडा, वितळायला लागला! त्या मार्गावरचा विजेचा नेहमीचा दाब 1500 व्होल्ट, चाचणीपुरता थोडा वाढवलेला. दाब कमी म्हटल्यावर तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह जास्त लागणार, हजारो अँपिअर. आणि तो सगळा जाणार कुठून? करंगळीएवढ्या जाडीची तार पेंटोग्राफच्या पट्टीला जिथे टेकते, तेवढ्याशा जागेतून. क्षणभर स्पर्श सुटला की मधल्या हवेतूनच वीज पेटते आणि धातू वितळवते. हे दिसत असूनही दुसऱ्या दिवशी, 29 मार्चला, बीबी 9004 हे दुसरं इंजिन सोडलं. त्याने 331 गाठले! जगभर कौतुक झालं. पण या धावांत रूळ नागमोडी वाकले होते आणि त्याची छायाचित्रं कित्येक वर्षं बाहेर येऊ दिली नाहीत. मला हे अजिबात पटत नाही. विक्रमाइतकीच मोडतोडही लोकांसमोर यायला हवी. पुढच्या इंजिनिअरला जास्त उपयोग तिचाच होतो.

तर मुद्दा स्पर्शाचा. दाब 25 हजार व्होल्ट ठेवला की प्रवाह कितीतरी कमी लागतो, तार हलकी चालते. पण स्पर्श टिकवायला तार ताणलेलीच हवी. पेंटोग्राफ तारेला खालून ढकलतो, त्याची लाट तारेतून पुढे पळते. गाडी त्या लाटेच्या वेगाजवळ गेली की तार उसळते आणि स्पर्श सुटतो. म्हणून 3 एप्रिल 2007 ला फ्रान्समध्येच ताशी 574.8 किलोमीटरचा विक्रम झाला, तेव्हा आधी तारेचा ताण वाढवला होता आणि दाब 31 हजार व्होल्टपर्यंत नेला होता.

उन्हाने तांबं वाढतं. तापमान 40 अंशांनी चढलं तर किलोमीटरभर तार जवळजवळ 68 सेंटिमीटर लांबते. मोकळी सोडली तर लोंबकळेलच. म्हणून काही खांबांवर कप्पी आणि खाली जड वजनं टांगलेली दिसतात. तार वाढली की वजन खाली उतरतं, ताण तेवढाच राहतो. शाळेत कप्पीचा धडा फळ्यावर शिकवतात. मुलांना या खांबासमोर नेऊन का शिकवत नाहीत?

तार रुळांवर सरळही नसते, मुद्दाम नागमोडी बांधतात, म्हणजे पेंटोग्राफची कार्बनची पट्टी एकाच जागी झिजत नाही. तरी पट्टी कधीतरी तडकते. तडकलेली कड तारेत अडकली तर गाडी कितीतरी अंतर तार ओरबाडत जाते. पुन्हा सांगतो, तार एकच. म्हणून पुष्कळ गाड्यांत या पट्टीच्या पोटात हवेची बारीक नळी ठेवतात. पट्टी फुटली की हवा सुटते, दाब उतरतो आणि चालकाला कळायच्या आत पेंटोग्राफ आपोआप खाली येतो. गाडी थांबते, पण वरची तार वाचते आणि मागच्या गाड्यांची वाट मोकळी राहते.