रोजकीर्द कोण वाचतो?

नमस्कार मंडळी. शिरोली आणि गोकुळ शिरगावहून दिवसपाळी उरकून आपण इथवर आलात, तेव्हा थेट मुद्द्यावरच येतो. गेल्या महिन्याभरात आपल्यातल्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारला, "लॉग तपासायचं सॉफ्टवेअर घ्यायचंय, कुठलं घेऊ?" मी तिघांनाही उलट विचारलं, आत्ता जे लॉग साठतायत ते वाचतं कोण? तिन्हीकडून एकच उत्तर आलं : कुणीच नाही.

लॉग म्हणजे यंत्राने लिहिलेली रोजकीर्द. कोण आलं, किती वाजता आलं, काय उघडलं. विंडोजवर चुकीचा पासवर्ड पडला की ४६२५ क्रमांकाची नोंद होते, बरोबर पडला की ४६२४. सुरक्षेची नोंदवहीच कुणी पुसली तर ११०२. मध्यरात्री चाळीस वेळा ४६२५, मग एकदाच ४६२४ आणि पाठोपाठ ११०२, एवढं वाचता आलं तरी निम्मी गोष्ट कळते. पण आपले व्यापारी पूर्वीपासून जाणतात, नुसत्या कीर्दीवरून अफरातफर सापडत नाही, खतावणी करावी लागते. फायरवॉल (जाळ्याच्या दारावरचा पहारेकरी), सर्व्हर, ईमेल, ईआरपी (कारखान्याच्या सगळ्या व्यवहारांचं सॉफ्टवेअर) यांच्या नोंदी एका जागी आणून एकमेकींशी ताडायच्या, हे काम ज्या सॉफ्टवेअरचं त्याला आमच्या धंद्यात 'सीम' म्हणतात.

खतावणी का लागते, ते कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. ११ तारखेच्या शनिवारी २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले. भारतातही काढले गेले, अगदी आपल्या कोल्हापुरातही. १३ तारखेला स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यामार्गे जवळपास १४ कोटी हाँगकाँगला गेले. एकूण आकडा ९४ कोटींच्या वर. एटीएमच्या मागण्या बँकेपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेला स्विच म्हणतात. चोरांनी मध्येच एक खोटा स्विच उभा केला होता आणि मंजुरी तोच देत होता. पैसे बाहेर पडत होते, आणि खात्यांच्या मुख्य प्रणालीपर्यंत त्या मागण्या पोहोचतच नव्हत्या. दोन वह्या जुळत नसतात ते हे असं. आणि दिवस पाहा, शनिवार.

आता दुसरं सॉफ्टवेअर, 'सोअर'. सीम सांगतं की गडबड आहे, सोअर त्यावर कृती करतं : आयपी, म्हणजे समोरच्या संगणकाचा जाळ्यावरचा पत्ता, अडवणं, खातं बंद करणं, संगणक जाळ्यातून तोडणं, तिकीट उघडणं, म्हणजे तक्रार नोंदवणं. कुठल्या इशाऱ्यावर काय करायचं, हे आधी लिहून ठेवतात, त्याला प्लेबुक म्हणतात.

या दोहोंतलं अंतर अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीच्या प्रकरणात दिसतं. २०१३ च्या अखेरीस त्यांच्याकडून सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली. इशारा आला नव्हता, असं नाही. त्यांच्या बेंगळुरूच्या चमूने तो पाहिला आणि मिनीॲपोलिसच्या मुख्यालयाला कळवला. तिथे कुणी हललं नाही. घातक फाइल आपोआप काढून टाकायची सोय त्या प्रणालीत होती, पण ती बंद ठेवलेली होती. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला बेंगळुरूच्या त्या मुलांचं फार वाईट वाटलं. त्यांनी आपलं काम चोख केलं होतं.

मग सगळं आपोआपच करावं का? नाही, आणि हे मी ठेच लागल्यावर सांगतोय. एका कारखान्यात मी स्वतः प्लेबुक लावलं : पाच वेळा पासवर्ड चुकला की खातं बंद. तिथल्या माणसाने बॅकअपच्या खात्याचा पासवर्ड बदलला आणि बॅकअपच्या सॉफ्टवेअरमध्ये जुनाच राहिला. त्या रात्री माझ्या प्लेबुकने बॅकअपचं खातं बंद केलं. पाच रात्री बॅकअप झालाच नाही आणि मला पत्ता नव्हता. तेव्हापासून माझा नियम आहे, जी कृती आपोआप उलटते तीच यंत्राच्या हाती द्यायची. आयपी दहा मिनिटं अडवा, मग आपोआप सोडा. खातं बंद करायचं, सर्व्हर तोडायचा, तर माणसाने फोनवर 'हो' म्हटलं पाहिजे.

आता नावं घेऊ. सीममध्ये स्प्लंक ताकदीचं आहे, त्यात शोध घेणं फार सुखाचं. पण त्याचा परवाना मुख्यतः रोज किती गीगाबाइट नोंदी आत येतात त्यावर ठरतो, म्हणून आधी हिशेब करा. सेकंदाला १०० नोंदी धरल्या, तर दिवसाला ८६ लाख ४० हजार होतात. एक नोंद ५०० बाइटची धरली, तर रोजचे सव्वाचार जीबी आणि १८० दिवसांचे पावणेआठशे. हा हिशेब न करता कोटेशन मागवणं म्हणजे वजन न करता मालाचा भाव ठरवणं. आयबीएमचं क्यूरडार याच्याऐवजी सेकंदाला किती नोंदी, हे मोजत आलं आहे. मायक्रोसॉफ्टचं सेंटिनल क्लाउडवर, म्हणजे त्यांच्याच सर्व्हरवर, चालतं. ज्यांचा ईमेल आधीच मायक्रोसॉफ्टकडे आहे, त्यांना ते सोयीचं, कारण ऑफिस ३६५ च्या ऑडिट नोंदी त्यात फुकट येतात आणि प्लेबुकची सोयही सोबत असते. मात्र नोंदी फुकट राहतात ९० दिवस. त्यापुढचे पैसे पडतात.

हे ९० आणि १८० महत्त्वाचे का? सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपायचे आहेत, आणि घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे. लहान कारखान्यांना वाटतं, हे बँकांसाठी आहे. कंपन्यांनाही लागू आहे. यंत्रांची घड्याळं जुळवायचंही त्यातच आहे. फायरवॉलचं घड्याळ सात मिनिटं मागे असेल, तर कुठलीही खतावणी जमत नाही. हे मी स्वतः पाहिलंय.

ऐंशी संगणक आणि आयटीला एकच माणूस, अशी आपल्यातल्या बहुतेकांची स्थिती. त्यांनी आधी वाझूह हे सीम बघावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ओपन सोर्स आहे, परवान्याला पैसे नाहीत. ओएसएसईसी या जुन्या प्रकल्पातून ते निघालं. ठरावीक वेळेपुरता आयपी अडवून परत सोडण्याची सोय त्यात आहेच, म्हणजे वेगळं सोअर लगेच घ्यायला नको. पण एक मेख आहे. मुळात ते फक्त इशारे जपतं, सगळ्या नोंदी जपायच्या तर ती सेटिंग हाताने चालू करावी लागते. ते विसरलात तर १८० दिवसांनी कपाट उघडाल आणि आत निम्मी वही नसेल. आणि सर्व्हर, मेंटेनन्स, माणसाचा वेळ यांना पैसे लागतातच. ज्यांना तयार अहवाल आणि फोनवर मदत हवी, त्यांच्यासाठी चेन्नईच्या झोहोचं लॉग३६० आहे. पालो आल्टोचं एक्ससोअर, म्हणजे पूर्वीचं डेमिस्टो, हे सोअर मोठ्या चमूंचं हत्यार आहे. रात्रपाळीला चार विश्लेषक बसत नसतील, तर ते घेऊ नका. लहान प्रयोगाला शफल हे ओपन सोर्स सोअर पुरतं.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवा. या कंपन्यांची मालकी बदलत असते. मार्च २०२४ मध्ये सिस्कोने सुमारे २८ अब्ज डॉलरना स्प्लंक घेतलं. त्याच वर्षी क्यूरडारचा क्लाउडवरचा धंदा पालो आल्टोकडे गेला. तुमचे नियम विक्रेत्याच्याच भाषेत लिहिलेले असतील, तर तुम्हीही त्याच्याबरोबर फरफटत जाता. सिग्मा नावाची नियम लिहिण्याची खुली पद्धत आहे. शक्य तितके नियम तिच्यात लिहून ठेवा.

आणि विक्रेता डेमोला येईल तेव्हा त्याच्या लॅपटॉपवरचा रंगीत पडदा बघत बसू नका. आपल्याच एका जुन्या सर्व्हरवर महिनाभर चाचणी लावा. एखाद्या रविवारी रात्री अकरा वाजता, कुणाला न सांगता, त्यावर वीस वेळा चुकीचा पासवर्ड टाका. मग मोजा, कुणाचा फोन वाजला, किती मिनिटांनी वाजला आणि त्याने तो उचलला का. हे तीन आकडे लिहून आणा, मग कुठलं घ्यायचं त्यावर पुन्हा बसू.