‘भूमिका’: राखाडी बालपण, उडणारे रंग

(दृश्य: लॉ कॉलेज रस्ता, सकाळ. फिल्म इन्स्टिट्यूटचं फाटक. आत प्रभातचा जुना स्टुडिओ.)

प्रभात फिल्म कंपनी 1933 साली कोल्हापूरहून पुण्यात आली, ती या आवारात. ‘संत सखू’ 1941चा, इथलाच. त्यातली सखू होती हंसा वाडकर. पुढे 1959 साली ‘सांगत्ये ऐका’ आला आणि पुण्याच्या विजयानंद टॉकीजमध्ये अडीच वर्षांच्या आसपास मुक्काम ठोकून राहिला. हंसाबाईंनी आपलं आयुष्य सांगितलं तेही याच नावानं, आणि ते आधी छापून आलं पुण्याच्या ‘माणूस’ साप्ताहिकात.

त्या आत्मकथनावरून श्याम बेनेगलांनी 1977 साली हिंदीत ‘भूमिका’ केला. नायिका स्मिता पाटील. पुण्याचीच मुलगी, तेव्हा एकवीस-बावीस वर्षांची. पटकथा बेनेगल, गिरीश कर्नाड आणि सत्यदेव दुबे यांची, कॅमेरा गोविंद निहलानींचा. अभिनय आणि पटकथा, दोन्हींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

(दृश्य: रिकामा स्टुडिओ फ्लोअर. वर लोखंडी पट्ट्या, दिव्यांच्या जागा.)

या चित्रपटाला ‘समांतर आणि धंदेवाईक यांच्या मधला’ म्हणायची पद्धत आहे. म्हणजे नेमकं काय, ते सुरुवातीलाच दिसतं. नाचगाणं रंगात येतं आणि मध्येच तुटतं, तेव्हा कळतं की हे शूटिंग आहे. बहुतेक गाणी अशीच, कामाचा भाग म्हणून येतात. इतर हिंदी चित्रपटांत नायिकेला प्रेम झालं की ती गाते, इथं ती पगार मिळावा म्हणून गाते. प्रेक्षकाला गाणं पुरेपूर मिळतं, आणि गाणं संपलं की दिवे विझलेले, मेकअप उतरलेला, घरी नवरा पैशांचा हिशेब घेऊन बसलेला. तो नवरा अमोल पालेकर. तेव्हाच्या प्रेक्षकांचा लाडका, साधासुधा, बसच्या रांगेतला नायक. त्यालाच हे काम देणं ही या चित्रपटातली सर्वांत धारदार निवड आहे, असं आमचं मत.

संगीतकार वनराज भाटियांनी गाण्यांच्या चालीही त्या-त्या काळाच्या बांधल्या. आवाजही तसेच निवडले. सरस्वती राणे 1943च्या ‘रामराज्य’मध्ये गायल्या होत्या. गायक फिरोझ दस्तूर तर बोलपटाच्या पहिल्या वर्षांत पडद्यावर दिसलेले बालकलाकार. जुन्या काळाची नक्कल करण्यापेक्षा तो काळ जगलेली माणसंच बोलावली.

चित्रासाठीही हीच युक्ती. नायिकेचं बालपण कृष्णधवल आहे, वर्तमान रंगीत. पाटी न लावता काळ कळतो. जुनी फिल्म जतन करणाऱ्याची डोकेदुखी मात्र इथून सुरू होते.

(दृश्य: फिल्मचे गोल डबे, मांडणीवर. झाकणावर खडूचे आकडे.)

आधी आकार समजून घेऊ. 35 मिलिमीटरची फिल्म मिनिटाला 90 फूट धावते. ‘भूमिका’ 142 मिनिटांचा, म्हणजे साधारण 12,800 फूट. हजार फुटांचे तेरा डबे तरी हवेत. प्रत्यक्षात एकदोन जास्तच लागतात, कारण रीळ प्रसंग संपतो तिथं तोडतात.

कृष्णधवल फिल्मवरचं चित्र चांदीच्या कणांचं असतं. धुलाई नीट झाली असेल तर चांदी कित्येक दशकं हलत नाही. रंगीत फिल्ममध्ये चांदी धुऊन टाकलेली असते. उरतात तीन रंगद्रव्यं: निळसर, किरमिजी आणि पिवळं. ही द्रव्यं अंधाऱ्या डब्यातही विरतात, आणि तिन्ही सारख्या वेगानं नाही. सत्तरच्या दशकातल्या प्रिंटमध्ये, म्हणजे थिएटरात दाखवायच्या प्रतीत, बहुधा निळसर आधी जातं. मग झाडं तपकिरी दिसतात, चेहरे गुलाबी होतात, सावल्या लालसर पडतात.

आता गंमत बघा. मिश्र चित्रपटाच्या निगेटिव्हमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेल्या मूळ फिल्ममध्ये, कृष्णधवल भाग खऱ्या कृष्णधवल फिल्मवर असेल, तर पन्नास वर्षांनी तो ताजा राहतो आणि रंगीत भाग उडतो. कथेतलं बालपण काल घडल्यासारखं, वर्तमान जुनाट! प्रिंटमध्ये आणखी वेगळंच होतं. सलग प्रिंट रंगीत पॉझिटिव्हवर, म्हणजे प्रती काढायच्या रंगीत फिल्मवर, काढलेली असते, त्यामुळे तिथला राखाडी रंगही त्या तीन द्रव्यांनीच बनलेला असतो. ती विरली की बालपणही गुलाबी पडतं.

(दृश्य: थंड कोठाराचं जाड दार. तापमानाचा आकडा.)

म्हणून थंडी. कृष्णधवलाला 10 ते 12 अंश सेल्सिअस चालतं, रंगीताला 2 ते 4 अंश लागतं. एकाच डब्यात दोन्ही असतील तर डबा रंगीताच्या कोठारात जातो. तिथून काढलेला डबा लगेच उघडायचा नाही. पुण्यातल्या जुलैच्या हवेत थंड फिल्म उघडली की दोन मिनिटांत तिच्यावर दव धरतं, वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना इमल्शन, म्हणजे चित्राचा थर, सोलून निघतं. डबा बंदच ठेवून चोवीस तास मधल्या तापमानाच्या खोलीत राहू द्यायचा.

उघडताना आधी नाक. शिर्क्याचा, म्हणजे व्हिनेगरचा वास आला तर फिल्मचा पाया, म्हणजे ॲसिटेटचं प्लास्टिक, कुजायला लागलाय. वास येत नसला तरी डब्यात रंग बदलणारी कागदी पट्टी ठेवतात. निळी राहिली तर ठीक, हिरवी झाली तर सावध, पिवळी झाली तर हा डबा रांगेत सर्वांत पुढे आणि इतर डब्यांपासून लांब. कुजणाऱ्या रिळातून सुटणारं आम्ल शेजारच्या रिळालाही लागतं.

(दृश्य: रिवाइंडरचं टेबल, खाली प्रकाशाची काच. पांढऱ्या मोज्यांतले हात.)

मग टेबल. फिल्म हातानं, हळू फिरवायची. बघायची ती चित्राआधी तिची कड. फिल्म पुढे सरकवणाऱ्या भोकांच्या बाहेर कच्च्या फिल्मच्या कंपनीचं नाव आणि वर्ष ओळखायच्या खुणा छापलेल्या असतात. काळ्या-पांढऱ्याची कड आणि रंगीताची कड वेगळी. जिथं कड बदलते तो फूट-आकडा वहीत लिहायचा. कंटाळवाणं काम आहे, पण पुढची प्रत्येक चूक इथल्या आळसातून होते. सोबत जोड मोजायचे, फाटकी भोकं मोजायची, आकसणं मोजायचं. फिल्म एक टक्क्याच्या वर आकसली असेल तर साधं दातेरी यंत्र भोकं फाडतं. तिला दाते नसलेलं स्कॅनर हवं.

(दृश्य: स्कॅनर. फ्रेम एकेक पुढे सरकते.)

रंगीत निगेटिव्हला नारिंगी झाक असते, कृष्णधवलाला नसते. एकाच मापानं दोन्ही स्कॅन केले तर एकाचा प्रकाश जास्त, दुसऱ्याचा कमी. म्हणून वहीतल्या आकड्यांप्रमाणे माप बदलत जायचं.

मोठी फसगत धुळीची. अनेक स्कॅनर धूळ शोधायला अवरक्त (इन्फ्रारेड) किरण वापरतात. रंगद्रव्यं ते किरण आरपार जाऊ देतात, धूळ अडवते, म्हणून धूळ कळते. पण चांदीही अडवते! म्हणजे कृष्णधवल भागावर ती सोय चालू राहिली तर यंत्राला अख्खं चित्रच धूळ वाटतं आणि ते इमानदारीत पुसायला घेतं. डोळ्यांच्या बाहुल्या, केसांच्या कडा, साडीचं नक्षीकाम पुसट होतं. कृष्णधवलासाठी ती बंद करायची आणि धूळ माणसानं, फ्रेम बघून काढायची.

फ्रेम किती? 142 मिनिटांच्या 2,04,480. 4के मापात, म्हणजे आडवे सुमारे चार हजार ठिपके धरून, एक फ्रेम सुमारे 51 मेगाबाइट, म्हणजे एकूण 10 टेराबाइटच्या वर. तेही एका प्रतीचं, आणि प्रती किमान दोन, वेगवेगळ्या इमारतींत.

(दृश्य: ग्रेडिंगची अंधारी खोली. पडद्यावर राखाडी पट्टा, शेजारी रंगीत.)

रंग सुधारताना दोन मोह होतात. पहिला, कृष्णधवलाला तपकिरी झाक देण्याचा, ‘जुनं वाटावं’ म्हणून. मूळ राखाडी असेल तर राखाडीच ठेवायचं. दुसरा, सगळे तुकडे एकसारखे करण्याचा. फिल्मचा दाणा, म्हणजे चित्रातली बारीक कणकण, पुसून, रंग जुळवून चित्रपट सलग गुळगुळीत केला की चेहरे मेणाचे होतात आणि काळाचा सांधाच जातो. सांधा दिसायलाच हवा, तो दिग्दर्शकानं घातलाय. ओरखडा काढायचा, फाटलेलं शिवायचं. दाणा ही घाण नाही.

(दृश्य: ध्वनिपट्टीची नागमोडी रेघ. मागे जुन्या रेडिओची खरखर.)

शेवटी आवाज. फिल्मच्या कडेच्या पट्टीवरची टिकटिक आणि सततचा ‘सूंऽऽ’ आवाज काढायला आता सॉफ्टवेअर आहेत. पण ‘भूमिका’त घराच्या कोपऱ्यात रेडिओ वाजतो, आणि बाहेरच्या जगातलं वर्ष त्याच्या बातम्यांवरून कळतं. त्या रेडिओची खरखर आणि पट्टीवरची खरखर यंत्राला सारखीच वाटते. म्हणून साफसफाईच्या आधी ध्वनिवाल्याच्या हाती एक यादी द्यायची. रेडिओ कोणत्या रिळात, कोणत्या मिनिटाला सुरू होतो आणि कधी बंद होतो. तेवढ्या जागी टिकटिक हातानं वेचायची, ‘सूंऽऽ’ आवाजाला हात लावायचा नाही.

(दृश्य: रेडिओची खूण केलेला कागद. पेन्सिल. काळोख.)