मुलांच्या वाफ्यात हात घालू नका

(मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात अमळनेरला वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मंडळी, नमस्कार. अशा उन्हात, सायंकाळी का होईना, तुम्ही घराबाहेर पडून आलात, त्याचं मला फार अप्रूप वाटतं. पत्रिकेवर विषय छापलाय ‘कमी पाण्याची परसबाग’. त्यावर बोलणार आहेच. बोरी नदीचं कोरडं पात्र ओलांडून इथे आलेल्या माणसांसमोर पाणी टाळून चालणारच नाही. पण मृग लागायला आठ-दहा दिवस राहिलेत, पोरांना सुट्टी आहे, आणि घरोघरी एखादं पोर आजीचा पदर धरून म्हणतंय, मलापण काहीतरी लावायचंय. म्हणून आधी पोरांचं सांगते.

आमच्या घरामागे न्हाणीपासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत बारा बाय अठरा फुटांची जागा आहे. माती काळी, कपाशीची. आत्ता जाऊन पाहिलं तर भेगांत बोट जाईल, आणि दोन महिन्यांनी हीच माती पायातली चप्पल ओढून घेईल. त्यात मी तीन वाफे पोरांना दिले. थोरली नात आठ वर्षांची, धाकटा नातू पाचचा, आणि शेजारचा एक पोरगा. तो भिंतीवरून रोज बघायचा, एक दिवस उडी मारून आला आणि म्हणाला, ‘‘माले बी वाफा दे ना, आजी.’’ वाफा चार फूट लांब, दोनच फूट रुंद. दोन फूट एवढ्यासाठी की पोराचा हात दोन्ही बाजूंनी मधोमध पोचला पाहिजे. नाहीतर ते आत पाय देतं, आणि काळी माती ओली असताना एकदा तुडवली की वाळल्यावर विटेसारखी होते.

वाफे दिले आणि घरात एक नियम केला. पोरांच्या वाफ्यात मोठ्यांनी हात घालायचा नाही. तण उपटायचं नाही, पाणी घालायचं नाही, ओळ वाकडी असेल तर सरळ करायची नाही. विचारलं तर सांगायचं. नाही विचारलं तर ओट्यावर बसून भाजी निवडायची.

हा नियम मोडला गेला, तो आमच्याच घरात. मागच्या वर्षी मे महिन्यातच धाकट्याने धने पेरले. मिसळणाच्या डब्याशेजारच्या बरणीतले, मूठभर, अख्खेच्या अख्खे. मी बघत होते. धना म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या दोन बिया. पेरायच्या आधी तो चपलेखाली हलकेच रगडून त्याच्या दोन फाळ्या करतात, हे तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. शिवाय कोथिंबीर थंडीत खुशीत असते, बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत ती कशी उगवेल? मी गप्प बसले. पोराने दहा-बारा दिवस वाट पाहिली. रोज सकाळी उठून तोंड न धुता वाफ्याशी उकिडवा बसायचा. मध्ये मध्ये बोटाने उकरून एखादा धना बाहेर काढायचा, वास घ्यायचा, परत पुरायचा.

त्याच्या बापाला हे बघवेना. माझा मुलगा फार मायाळू आहे, आणि त्याने जे केलं ते मायेपोटीच केलं. बाजारातून मुळांसकटची कोथिंबिरीची जुडी आणली आणि रात्री मोबाइलच्या उजेडात वाफ्यात एकेक काडी रोवली. सकाळी पोर नाचलं! गल्लीतल्या सगळ्यांना ओढून आणून दाखवलं. अकरा वाजता ऊन चढलं, कोथिंबीर मान टाकू लागली. दुपारी चारला आडवी झाली. पोर रडलं, आणि मग डोळे पुसून म्हणालं, ‘‘जाऊ दे. रात्री परत येईल.’’

त्यानंतर दीड महिना त्या पोराने काही पेरलं नाही, मंडळी. मृग आला, बहीण पेरत होती, शेजारचा पेरत होता. हा म्हणायचा, ‘‘बी कशाला लागतं? रात्री येतं ना.’’

मला आजही त्याचं वाईट वाटतं. वाफा रिकामा राहिला असता तर त्याने आज ना उद्या ‘का?’ असं विचारलंच असतं. बापाने आणलेल्या जुडीखाली तो प्रश्न पुरला गेला. तो परत वर यायला कार्तिक उजाडावा लागला. थंडी पडल्यावर मी फक्त एवढंच म्हटलं, ‘‘यंदा एक ओळ अख्ख्या धन्यांची कर, एक रगडलेल्यांची.’’ रगडलेल्यांची ओळ नवव्या दिवशी वर आली. अख्ख्यांची मागे राहिली, तीही विरळ. आता तो भेंडीचं बीसुद्धा चपलेखाली घालतो. मी अडवत नाही. चार दाणे चुरले, त्याचे त्याला कळले.

मी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवलं. पोषण आहारासाठी शाळाशाळांतून परसबागा झाल्या ही फार चांगली गोष्ट आहे, मी स्वतः करवून घेतली आहे. पण एका ठिकाणी मी हेही पाहिलंय की तपासणीच्या आदल्या दिवशी टेम्पोतून रोपं उतरली, आणि पोरांना सांगितलं, कुंडीजवळ उभे राहा. ती पोरं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. त्यांना आपल्या हाताखालच्या रोपाचं नावही माहीत नव्हतं.

आता थोरलीच्या गिलक्याची, म्हणजे घोसाळ्याची गोष्ट. ही सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही.

तिने मृगात गिलक्याच्या चार बिया टोचल्या. कवच टणक असतं म्हणून रात्रभर पाण्यात भिजवल्या होत्या. आठवड्यात उगवल्या. मांडव पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, तिने आणि शेजारच्या पोराने सुतळीने बांधलेला, डावीकडे झुकलेला. वेल चढला, श्रावणाच्या तोंडावर पिवळीजर्द फुलं लागली. पोरगी हरखली. आणि फुलं गळायला लागली. रोज सकाळी उमलायची, दुपारपर्यंत मिटायची, दुसऱ्या दिवशी खाली. आठ दिवस झाले, फळाचं नाव नाही. शेजारच्या आजी भिंतीशी आल्या, वेलाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘हाऊ येल वांझ शे. उपटी टाक.’’

त्या माउलीचा हेतू वाईट नव्हता. पण तो शब्द मला सुरीसारखा लागला. आठ वर्षांच्या पोरीच्या कानावर हा शब्द पहिल्यांदा पडावा तो स्वतः लावलेल्या वेलाबद्दल? बायकांना आणि वेलींना हा शब्द लावणं आता आपण थांबवू या, एवढी माझी सगळ्यांना हात जोडून विनंती आहे.

पोरगी माझ्याकडे आली. ‘‘उपटू का?’’ मी म्हटलं, ‘‘वेल तुझा. पण उपटायच्या आधी रोजची फुलं मोज आणि देठ बघ.’’ तिने जुन्या वहीत मांडायला सुरुवात केली. अकरा दिवसांत ६४ फुलं, सगळी घोसातली, सगळ्यांचे देठ बारीक. बाराव्या दिवशी ती धावत आली. पानाच्या बगलेत एकटंच फूल होतं, आणि त्याच्याखाली करंगळीएवढं इवलंसं गिलकं. फुलाच्या आधीच गिलकं! ती घोसातली सगळी नर फुलं, ही मादी. वेलवर्गात नर आधी येतात, मादी मागून. ऊन फार असलं तर नरांचीच गर्दी होते. वेल त्याच्या वेळेने चालला होता, घाई आपल्याला होती.

दुसऱ्या दिवशी सहाला उठून तिने एक नर फूल तोडलं, पाकळ्या काढल्या आणि मधला पिवळा पराग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवला. गल्लीत मधमाश्या कमी झाल्यात, म्हणून हे तिला मी शिकवलं. तिने विचारलं होतं, म्हणून शिकवलं. पाचव्या दिवशी गिलकं वीतभर झालं.

तिचा खरा शोध पुढे आहे. शेजारच्या पोराच्या वाफ्यात दोडकं होतं. तोही सकाळी सहाला पराग घेऊन उभा, आणि त्याच्या कळ्या मिटलेल्या. चार दिवस असंच. पाचव्या दिवशी शाळेतून घरी आला तर सगळी फुलं उघडी! दोडकं सायंकाळी उमलतं. इतकी वर्षं दोडक्याची भाजी करते आहे, मी कधी या गोष्टीकडे लक्ष दिलं नव्हतं. माझी नात म्हणाली, ‘‘आजी, गिलकं सकाळच्या शाळेत आहे आणि दोडकं दुपारच्या.’’

ते पहिलं गिलकं तिने तोडू दिलं नाही. सुनेने भज्यांचं पीठसुद्धा कालवलं होतं. मी म्हटलं, वेल तिचा आहे. ते तिथेच जून झालं, वाळलं, हलवलं की खुळखुळायला लागलं. आतून आंघोळीची घासणी निघाली आणि ८७ बिया. तिने त्या तीनदा मोजल्या. भिंतीवरून शेजारच्या आजींचा आवाज आला, ‘‘माले बी दोन बिया दे वं माय.’’ तिने पाच दिल्या.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं उरली आहेत. तर आता पाणी. भराभर सांगते, लिहून घ्या.

घरात डाळ-तांदूळ, भाज्या धुतलेलं पाणी आम्ही आठवडाभर मोजलं, रोज बादली-दीड बादली भरलं. आठ चौरस फुटांच्या वाफ्याला उन्हाळ्यात अर्धी बादली पुरते. म्हणजे पोरांचे तीन वाफे बिनसाबणाच्या पाण्यावर जगतात. साबणाचं पाणी भाजीला नको. आपली काळी माती मुळातच अल्कधर्मी, त्यात साबणातला सोडा गेला की ती आणखी घट्ट बसते. ते पाणी केळीला, कर्दळीला सोडा, पूर्वी न्हाणीमागे कर्दळ असायची ती उगाच नव्हे.

पावसाळ्यात वाफा वीतभर उंच करा, काळी माती पाणी धरून बसते आणि मुळं कुजतात. उन्हाळ्यात उलटं, वाफा जमिनीच्या खाली हवा, म्हणजे पाणी पसरून जात नाही. वर केळीची वाळलेली पानं अंथरा. रावेर-यावलच्या पट्ट्यातून कुणी येणारं असेल तर पोतंभर मागवा. देठाला मात्र चिकटवू नका. वेलाशेजारी बिनरंगाचं लहान मडकं गळ्यापर्यंत पुरा, भरा आणि तोंडावर पणती ठेवा, डास होणार नाहीत. मडकं नवंच घ्या. जुन्या माठाची छिद्रं क्षारांनी बुजलेली असतात, तो पाझरत नाही.

मे महिन्यात मेथी-कोथिंबिरीच्या मागे लागू नका. पोकळा, भेंडी, गवार, चवळी ऊन सोसतात. मावा पडला तर निंबोळीचं चूर्ण पन्नास ग्रॅम, एक लिटर पाण्यात रात्रभर ठेवून गाळून फवारा. कोवळ्या गिलक्यांना फळमाशी डंख मारते, परागण झाल्यावर लगेच कागदाची पिशवी बांधा. भरिताच्या वांग्याचं मला खूप सांगायचं होतं. २०१६ साली आपल्या जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं बी घरी कसं धरायचं ते दाखवायला मी पिकून पिवळं झालेलं वांगंही पिशवीतून आणलंय. ज्यांना बघायचंय त्यांनी नंतर थांबा.

दाराजवळच्या टेबलावर वर्तमानपत्राच्या पुड्या ठेवल्या आहेत, प्रत्येकीत पाच बिया. माझ्या नातीने आणि शेजारच्या पोराने बांधल्यात. पुडी तुम्ही न्या, पण घरी गेल्यावर ती पोरानेच उघडू दे. ‘सकाळ’ लिहिलंय ते गिलकं, ‘दुपार’ लिहिलंय ते दोडकं.