कललेली चाकं

(आवाज : ग्राइंडर)

बडोद्यातली मकरपुरा जीआयडीसी, म्हणजे औद्योगिक वसाहत. या गाळ्यात एरवी मशिनांचे सांगाडे जोडतात. आज टेबलावर अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या आहेत. त्यांची व्हीलचेअर होणार आहे, बास्केटबॉल खेळायची.

माप तिचं, दांडिया बाजारातून आलेल्या ताईचं. बसल्यावरची रुंदी, मांडीची लांबी, गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं अंतर. खुर्ची बनवणारे काका आकडे भिंतीवरच खडूनं लिहितात. "ताई, मागे टेकू नका, नुसत्या बसा." धडावर किती ताबा आहे, ते त्यांना बघायचंय. ताबा कमी, म्हणून बैठक मागे उतरती, गुडघे वर. व्हीलचेअर बास्केटबॉलच्या नियमात धडावर ताबा कमी असलेल्या खेळाडूंच्या गटाला बैठक 63 सेंटिमीटरपर्यंत चालते. मोजायची तिची सगळ्यात उंच कड. हिच्या खुर्चीत ती पुढची.

(ठिणग्या)

अ‍ॅल्युमिनियम तापून लाल होत नाही. सांगत नाही, एकदम गळतं. हात इथेच कळतो.

हॉस्पिटलची खुर्ची दुसऱ्यानं ढकलायची, म्हणून तिला मुठी. या खुर्चीला मुठी नाहीत, ब्रेक नाही. घडीही नाही, घडीच्या सांध्यात हाताचा जोर जिरतो.

आता चाकं बघा. वर जवळ, खाली फाकलेली. जवळपास 18 अंशांचा कल. पाया रुंद, म्हणून गर्रकन वळताना खुर्ची कलंडत नाही; दोन खुर्च्या भिडल्या तर चाकांच्या खालच्या कडा आपटतात, बोटं वाचतात. मागचं हे छोटं चाक उताणं पडू देत नाही.

पण या कलाची एक खोड आहे. आसाची नळी जराशी फिरली, की दोन्ही चाकांची तोंडं आत नाहीतर बाहेर वळतात आणि खुर्ची जड चालते. म्हणून आसाच्या उंचीवर चाकांमधलं अंतर पुढून मोजायचं, मागून मोजायचं. फरक आला? नळी सैल करा, फिरवा, पुन्हा मोजा. पुढची छोटी चाकं बदलून उंची हलली, की सगळं पहिल्यापासून. आम्ही तीन तास कॅमेऱ्यात हेच टिपत होतो.

परदेशी खुर्ची लाखांत जाते. शिवाय ती बनवणारा काही टेप घेऊन दांडिया बाजारात येत नाही.

पुढच्या मोसमात ताई संघात आली.

ही मात्र पहिली चाचणी. मांडीवरचा पट्टा ती स्वतः आवळते. काका रेषेबाहेर, हातात अजून पाना.

(आवाज : फक्त चाकं)