पेवातली हवा

(दृश्य : पेवाचं उघडं तोंड. दोरीला बांधलेला कंदील खाली जातोय.)

दोन हात खाली जाईपर्यंत कंदील नीट जळायचा. आणखी दोरी सोडली की ज्योत बारीक व्हायची आणि विझायची. मग जाणता माणूस म्हणायचा, "आज कुणी उतरायचं नाही."

पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार. तोंड अरुंद, पोट मोठं. आत ज्वारी भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. सांगलीजवळच्या हरिपुरात हळदही अशीच ठेवत. २००५ च्या महापुरात तिथल्या पेवांत पाणी शिरलं.

कंदील विझतो, कारण ज्वारीचा दाणा जिवंत असतो. तोही श्वास घेतो. बाहेरच्या हवेत शंभरातले ७८ भाग नायट्रोजन, २१ भाग ऑक्सिजन, आणि कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४. बंद पेवात दाणे आणि किडे मिळून ऑक्सिजन संपवत आणतात, कार्बन डायऑक्साइड सोडत राहतात. किडे गुदमरतात, धान्य टिकतं. औषधाची चिमूटही न घालता! वेफरच्या फुगीर पुडीत नायट्रोजन भरतात, तोही ऑक्सिजनला बाहेर ठेवण्यासाठीच.

कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड. पेवाचं तोंड उघडलं तरी तो लगेच निघून जात नाही, विहिरीतल्या पाण्यासारखा तळाशी पडून राहतो. त्याला ना रंग, ना वास. आग विझवायच्या नळकांड्यात हाच जडपणा कामाला येतो : गॅस जाळावर पसरतो आणि त्याची हवा तोडतो.

ऑक्सिजन साधारण १६ टक्क्यांवर आला की ज्योत विझते. माणसाला तेव्हा धाप लागते, पण तो अजून शुद्धीवर असतो. दिवा माणसाच्या आधी हरतो, म्हणून दिव्याचा भरवसा.

पण हा भरवसा फक्त पेवापुरता. शौचालयाच्या टाकीत किंवा गोबरगॅसच्या खड्ड्यात दिवा कधीच सोडू नका. तिथे मिथेन असतो, भडका उडेल. तिथला हायड्रोजन सल्फाइड तर दगाबाज. आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो, प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे गॅस गेला, असं समजून माणूस उतरतो आणि कोसळतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, मग शेजारी. एकाच घरातले दोन-तीन जण गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. कुणी आत पडलं असेल तर उडी घेऊ नका. अग्निशमन दलाला बोलवा. त्यांच्याकडे श्वासाची नळकांडी असतात.

(दृश्य : दुसरी सकाळ. तेच पेव.)

रात्रभर तोंड उघडं राहिलेलं. दोरीला पालेदार फांदी बांधून वर-खाली करायची, म्हणजे आतली हवा ढवळते. मग पुन्हा कंदील. या वेळी तो तळाला टेकला तरी ज्योत सरळ उभी. कमरेला दोर बांधून एक जण उतरायचा, दोर वरच्या दोघांच्या हातात. थोड्या वेळानं खालून हाक यायची, "ओढा!" आणि ज्वारीची पहिली पाटी उजेडात यायची.