ब्रेक सुटत नाही तेव्हा

मघाशी या काकांनी विचारलं, जुनी गाडी चढावर ओढत नाही, क्लच गेला असेल का? असेलही. पण क्लचला हात लावण्याआधी चारही चाकांजवळ जाऊन या, एखाद्याचा ब्रेक अडकून राहिलाय का बघा.

माझी मारुती ८०० पावसाळाभर उभी होती. दिवाळीआधी बाहेर काढली, तर ठाण्यातल्या गायमुखच्या चढाला दुसऱ्या गिअरवरून पुढे जाईना. वर थांबलो, पुढच्या डाव्या चाकातून जळकट वास आणि ही धग! अशा वेळी लोक बाटलीतलं पाणी ओततात. ओतू नका, तापलेल्या डिस्कला किंवा ड्रमला तडा जाऊ शकतो.

गॅरेजवाल्यानं कॅलिपरचं, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचं, सीलचं किट बदललं, पॅड नवे टाकले. चार दिवसांनी पुन्हा तेच. पैशांपेक्षा राग याचा आला, की चाक फिरवून कुणी बघितलंच नव्हतं. मीही नाही.

मग सोसायटीच्या आवारात बसलो. मागच्या चाकांना विटा, गाडी न्यूट्रल, पुढे जॅक आणि खाली स्टँड. नुसत्या जॅकवर गाडीखाली हात घालायचा नाही. ब्रेक चारदा दाबून सोडला, चाक हातानं फिरवलं. जाम. मग कॅलिपरवरचं, ब्रेकमधली हवा काढायचं निपल जरासं ढिलं केलं. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक गर्रकन फिरलं. म्हणजे दाब आत कोंडला होता. निपल उघडूनही चाक हललं नसतं, तर पिस्टन गंजलाय, कॅलिपरच्या पिना सुकल्यात; मागचं चाक असेल तर ड्रममधल्या ब्रेक-शूच्या स्प्रिंगा नाहीतर हँडब्रेकची केबल. किट बदलायचा विचार तेव्हा करायचा.

आता दाब कोंडला कुठे? निपल बंद करून पुन्हा ब्रेक दाबला आणि लोखंडी पाइप रबरी होजला मिळतो तो नट ढिला केला. चाक तसंच जाम! सुटलं असतं, तर दोष मास्टर सिलिंडरचा, म्हणजे पेडलमागच्या ऑइल रेटणाऱ्या पंपाचा. तो निर्दोष सुटला, चोर होज. पायाच्या जोरानं ऑइल पुढे रेटलं जातं. परत यायला मात्र पिस्टनच्या सीलचा हलकासा ताण, तेवढ्यानं ते फुगलेल्या रबरातून येत नाही.

सगळीच चाकं धरत असतील, सकाळी ठीक आणि माजिवड्याला पोहोचेपर्यंत जाम, तर ब्रेक पेडलची ढील बघा, म्हणजे दाबताना सुरुवातीला पेडल जरासं रिकामं जातं का ते. ती नसली की मास्टरचा पिस्टन पुरता मागे येत नाही, ऑइल टाकीत परतायचं बारीक भोक झाकलेलं राहतं. तापून फुगलेलं ऑइल मग ब्रेक लावत सुटतं. आणि कुणी ब्रेक ऑइलच्या टाकीत इंजिन ऑइल ओतलं असेल, तर वॉशर, होज, सगळं रबर फुगतं. तिथे एक-दोन भाग बदलून भागत नाही.

खाडीकाठच्या हवेतला दमटपणा ब्रेक ऑइलही पितं. नवं डॉट ३ दर्जाचं ऑइल किमान २०५ अंशांना उकळतं, पाणी मुरलेलं १४० च्या आसपासही. दोन वर्षांनी बदलत चला.

हा माझ्या होजचा तुकडा. बाहेरून बघा, नवाकोरा वाटतो. फिरवा पुढच्या रांगेपासून, आणि काडेपेटीतली काडी आत जाते का ते सांगा.